थंडी वाजते

आई कधीच वाक्य पूर्ण करायची नाही.
"दूध तापलंय, ते..." आणि खोकायची.
"आर्वो, झोप आता, डोळे..." आणि उठून
शेगडीत लाकूड सारायची.
आम्हाला वाटायचं, तिच्या छातीत काहीतरी आहे.
अंगाईसुद्धा बाबाच म्हणायचे, बेसूर,
रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांच्या चालीत.

तिचे वडील, याल्मारी, लाकूडतोड्यांच्या छावणीत
दात उपटायचे. भूल न देता. नुसतं बोलून.
एवढंच ठाऊक होतं. त्यांचा फोटो
भिंतीकडे तोंड करून टांगलेला.

त्या हिवाळ्यात मी चौदा वर्षांची. माझा आवाज
खाली उतरला, कुठवर ते मलाच कळेना.
पहिल्यांदा कुत्रा. मी म्हटलं, थांब,
आणि त्याचा पुढचा पाय बर्फावर टेकायचा राहिला.
मी सोडेपर्यंत.
मग वर्गातली सायमी. तिने नवे स्केट्स काढून
माझ्या हातात दिले
आणि नुसत्या मोज्यांवर घरी गेली, हसत.
मी ते परत केले. आठवडाभर वापरून.
खोटं कशाला सांगू, मला आवडलं होतं.

मार्च. इनारी तलाव. बर्फात पाडलेल्या भोकातून
आपण जाळं ओढत होतो, तू आणि मी.
बाबा स्लेज आणायला गेले ते येईनात.
तुझे हातमोजे भिजलेले, नाकाखाली गोठलेली रेघ,
आठ वर्षांचा तू, रडत होतास.
मला दया आली. हे लक्षात ठेव, आर्वो,
दयाच आली होती.
मी वाकले. तुझ्या श्वासाला श्वास लावला
आणि अखंड, कुठेही न खोकता, म्हणाले:
तुला थंडी वाजत नाहीये. तुझे हात शेगडीपाशी आहेत.

रडणं थांबलं. तू हातमोजे काढलेस.
ओलं जाळं उघड्या हातांनी ओढू लागलास,
मासे मोजू लागलास, मोठ्याने, खुशीत,
सतरा, अठरा,
आणि मला केवढा अभिमान.

थंडी वाजते.
वाजते म्हणजे काय, ते मला दवाखान्याच्या बाकावर कळलं.
आत कुणीतरी कडी वाजवत असतं
हाडांच्या दारावर: ऊठ, नीघ इथून, ऊठ.
मी ती कडीच काढून घेतली
आणि तुला म्हटलं, बघ, किती शांत आहे.

करंगळी, आणि तिच्या शेजारचं. डावा हात.
डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते,
पोराला दुखलं कसं नाही?
आई माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने फोटो सरळ केला.
माझेच डोळे.
मग भिंतीशी बोलल्यासारखी, पहिल्यांदाच
सलग बोलली:
"यांनी एकाला सांगितलं होतं, तुझा पाय दुखत नाही.
तो त्या मोडक्या पायावर चालत घरी निघाला.
बर्फ वितळल्यावर सापडला."
आणि खोकली. तो खोकला खोटा होता.
इतकी वर्षं, रोज, खोटा.

तिने मला शिकवलं. क्रियापद यायच्या आत
थांबायचं. भांडं पाडायचं. नाव चुकवायचं मुद्दाम.
ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी तर
नीट बोलायचंच नाही.
म्हणून मी अशी लिहिते, ओळ मध्येच
तोडून. तुझी नजर अडखळावी,
तू वर बघावंस, चहा निवला का ते.

काल तुझा फोन आला. नसलेली बोटं
ठणकतायत म्हणालास. झोप नाही.
"एकदाच म्हण ना, ताई. ते तेव्हाचं."
मी गप्प. घशात सगळं तयार होतं, ऊबदार,
एकही खाच नसलेलं.
तिकडे तुझा श्वास ऐकू येत होता
आणि माझा त्याला लागायला आला होता.

मी टेबलावरची बशी खाली ढकलली.
बाहेर उणे तीस आहे, आर्वो, म्हटलं,
खूप थंडी आहे.
हातमोजे कोरडे आहेत का बघ, आणि